चार नंबरचा ट्रक टँकरच्या मागे का जातो

त्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्यामुळे तिसरीला दिवसभर बोलावं लागत होतं.

तिसरी म्हणजे आत्याची भाची. नोकरीसाठी ती या शहरात आली तेव्हा आत्याने तिला मागची खोली दिली आणि खोलीसोबत एक खातंही सोपवलं: निरोपांचं. आत्याचा आणि आतोबांचा अबोला झाला की सगळे निरोप तिच्यामार्फत जात. आतोबांनी तिचं नाव 'टपाल' ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की गॅसवाला सुद्धा "टपालताई, सिलिंडर आलाय" म्हणू लागला.

"टपाल, त्यांना म्हणावं पंखा बंद करा," आत्या शिवणयंत्रावरून मान न उचलता सांगायची. ती पडदे शिवून द्यायची, आणि बाहेरच्या खोलीत कायम कोणाच्या तरी खिडक्या पसरलेल्या असायच्या.

आतोबा पंख्याच्या बटणाखालीच बसलेले असायचे. "तिला सांग, केला."

"केला," टपाल म्हणायची.

"ऐकलं मी."

एका निरोपाला जाऊन-येऊन सरासरी चार सेकंद लागत. टपालने हे मोजलं होतं. मोजणं हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता.

ती जिथे काम करायची तिथे गाड्यांनी एकमेकींशी बोलावं म्हणून सॉफ्टवेअर लिहीत. शहराबाहेर गोदामांचं एक मोठं आवार होतं, तिथे चाचणीच्या बारा गाड्या फिरत: अकरा ट्रक आणि एक पाण्याचा टँकर. प्रत्येकीच्या टपावर डब्याएवढी पेटी. ही पेटी सेकंदाला दहा वेळा बाकीच्या अकरा जणींना सांगायची की मी इथे आहे, इतक्या वेगाने अमुक दिशेला चालले आहे, आणि आत्ताच ब्रेक मारला आहे. अकराही जणी निमूट ऐकायच्या. कोणी कोणावर रुसायचं नाही. मात्र निरोपाला पाव सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला, तर तो न वाचताच फेकून द्यायचा असा नियम होता. कारण तोवर ट्रक पुढे गेलेला असतो, आणि नसलेल्या ट्रकला वाट देता देता असलेल्या ट्रकवर माणूस आपटतो. अशा उशिरा आलेल्या निरोपाला कचेरीत 'शिळा' म्हणत. साहेबांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवलं होतं: 'शिळं वाढायचं नाही.' नव्याने आलेल्या माणसांचा समज व्हायचा की इथे जेवणाची सोय आहे.

कचेरीचा नियम घरी लावला असता तर घरातला एकही निरोप टिकला नसता. सगळे चार-चार सेकंद शिळे.

आतोबा त्याच आवारात चार नंबरचा ट्रक चालवायचे. तीस वर्षं लांबच्या रस्त्यांवर काढून आता चाचणीचे ड्रायव्हर झाले होते. अबोला सुरू झाला तोही तिथूनच. एका सकाळी ते ट्रकमधून उतरले, वजनकाट्यापाशी जरा बसले, आणि मग जरा आडवे झाले. चक्कर. डॉक्टर म्हणाले, रिकाम्या पोटी गोळी घेतल्याचा परिणाम. दोन दिवस विश्रांती घ्या म्हणाले. ती विश्रांती आतोबांनी रखवालदाराच्या खोलीत बसून घेतली, कारण घरी घेतली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मग गाडी चालवायला हरकत नाही अशी चिठ्ठी मिळाली.

"आत्याला बोलू नकोस हं," त्यांनी टपालला बजावलं होतं. "उगाच काळजी करत बसेल."

टपालही बोलली नाही. चौथ्या दिवशी आत्या बँकेच्या रांगेत उभी असताना टँकर चालवणाऱ्या बाईने तिला मागून हाक मारली आणि विचारलं, "आता बरं आहे का हो त्यांना?"

"कोणाला?" आत्याने विचारलं.

या 'कोणाला'चा राग तिला आला होता, चकरेचा नव्हे. घरी येऊन ती टपालला म्हणाली, "रखवालदाराला ठाऊक, वजनकाट्याला ठाऊक, त्या पाण्याच्या टँकरला ठाऊक. मी शेवटची. चार दिवस डबा भरून देत होते, आणि कसल्या माणसाला देतेय तेच मला माहीत नव्हतं. त्यांना सांग, मला पहिलं सांगायचं नसेल तर मग काहीच सांगू नका."

टपालने सांगितलं. आतोबा तिथेच उभे होते, तरी सांगितलं. खरं तर आत्याचा राग टपालवरही होता. पण दोघांशी एकदम अबोला धरला तर निरोप कोणाकडे द्यायचे, ही व्यावहारिक अडचण होती.

याआधीचे अबोले दोन-तीन दिवसांत आटपायचे. हा महिना उलटला तरी संपला नव्हता. सुरुवातीला आत्या रागात शिवायची तेव्हा यंत्र खडखडायचं. आता ते शांतपणे चालायचं. तिला सवय व्हायला लागली होती, आणि टपालला भीती त्या सवयीचीच वाटत होती. रागावलेलं माणूस परत येतं. सवय झालेलं माणूस येईलच असं नाही.

इकडे कचेरीत वेगळाच घोळ चालला होता. पुढची गाडी अचानक थांबली किंवा मधलं अंतर फार कमी झालं, तर मागच्या गाडीची पेटी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखायची. पण ते ड्रायव्हरच्या डोक्यात कसं घालायचं? आधी शिट्टी लावून पाहिली. ट्रकमध्ये इतक्या गोष्टी शिट्ट्या मारत होत्या की ड्रायव्हर आणखी एकीला भीक घालीनात. मग एका व्यावसायिक निवेदिकेच्या मधाळ आवाजात सूचना भरली: 'कृपया लक्ष द्या. पुढील वाहन अचानक थांबले आहे.' हिशेब केला तेव्हा निघालं की ताशी चाळीसच्या वेगात 'कृपया' संपेपर्यंत ट्रक सात मीटर पुढे गेलेला असतो. सभ्यतेला सात मीटर लागतात. 'लक्ष द्या'पर्यंत ट्रक पुढच्या गाडीत, आणि 'अचानक थांबले आहे' हे ड्रायव्हरने पंचनाम्यात ऐकायचं.

"एकच शब्द हवा," साहेब म्हणाले. "ऐकला की पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे."

टपालला शब्द सुचला, आणि त्याच संध्याकाळी ती आत्याकडे गेली. "आत्या, फोनमध्ये एकदा 'अहो' म्हण ना. कामासाठी हवंय."

आत्याने यंत्र थांबवलं. "कोणाला म्हणू?"

"कोणालाच नाही. नुसतं म्हण."

"नुसतं कसं म्हणतात? त्या शब्दाला पत्ता एकच आहे, आणि त्या पत्त्यावर सध्या काही जात नाही." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मग टपालने जुन्या फोनमधला तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ शोधला. तळ्याकाठी आतोबा सगळ्यांचा फोटो काढायला लाकडी धक्क्यावरून एक-एक पाऊल मागे सरकत होते. फळ्या संपत आल्या तरी त्यांना पत्ता नाही, आणि आत्या ओरडली: "अहो!" आतोबा शेवटच्या फळीवर खिळल्यासारखे थांबले. शब्दाची लांबी तीन दशांश सेकंद. थांबवण्याची खात्री, डोळ्यांदेखत. टपालने तेवढाच तुकडा कापला आणि फाइलला नाव दिलं 'तात्पुरता'. नव्या आवाजाची फाइल आली की बदलायचा, तोवर टेबलावर चाचणी करायला ठीक आहे.

जगात 'तात्पुरता' नावाच्या फाइलइतकी चिवट वस्तू दुसरी नाही. न बदलताच, बाकीच्या सॉफ्टवेअरबरोबर, मंगळवारी सकाळी दहा वाजता ती बाराच्या बारा गाड्यांत पोचली.

आकडे बघून साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. ड्रायव्हरांचा ब्रेकवर पाय जायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात आता पाय जात होता. लग्न झालेले पुरुष सगळ्यात चपळ. एका ब्रह्मचाऱ्याने आधी मागे वळून पाहिलं की कोणाला बोलावतायत, आणि मग ब्रेक मारला. टँकरवाली रेडिओवर म्हणाली, "मला कोण अहो म्हणतंय? घरी कोणी इतक्या तळमळीनं हाक मारली असती तर मी कामावर आलेच नसते."

चार नंबरने काहीच टिप्पणी केली नाही.

फाइल काढायला हवी हे टपालला कळत होतं. पण साहेबांनी आठवडाभर हाच आवाज ठेवा म्हटलं, आणि आत्याला सांगायचं कसं, याचा विचार करण्यात ती गुंतली. तोवर गुरुवार उजाडला आणि साहेबांनी तिला पडद्यासमोर बोलावलं.

"हे बघ. बाकीच्या गाड्यांना दिवसातून तीन-चार वेळा सूचना जाते. चार नंबरला मंगळवारी नऊ. काल तेवीस. आज दुपारपर्यंत एकतीस. हा गृहस्थ दर वेळी कोणाच्या तरी बुडाला जाऊन चिकटतोय! तुझे काका आहेत म्हणून बोलत नाही, पण—"

"आतोबा."

"असोत. आधीच ती चक्कर आलेली. उद्या दुपारपासून चार नंबर दुसऱ्याला देतो."

टपालने नोंदी उघडल्या. एकतीसच्या एकतीस वेळा पुढे टँकरच होता. टँकर रस्त्यावर पाणी मारत माणसाच्या चालीने चालायचा, आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर चार नंबर त्याच्या मागे जायचा. ठरलेल्या अंतराच्या हातभर आत शिरायचा. सूचना व्हायची. तो अलगद ब्रेक मारायचा, थोडा वेळ उभा राहायचा, आणि पुन्हा निघायचा. इतकी सुरक्षित बेशिस्त त्या कचेरीने कधी पाहिली नव्हती.

ती जेवणाच्या सुट्टीत ट्रकच्या केबिनमध्ये चढली. आतोबांनी डबा उघडून मांडीवर ठेवला होता, पण खात नव्हते.

"टँकरच्या मागे का लागता हो?"

"गळतोय का बघत होतो."

"टँकर आहे तो. गळण्यासाठीच ठेवलाय. आणि तीस वेळा बघायचं?"

"एकतीस." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "कधी म्हणाली हे ती?"

"तळ्यावर. तीन वर्षांपूर्वी. तुम्ही मागे मागे चालला होतात तेव्हा."

"म्हणजे तुमच्या भाषेत शिळंच की."

"हो. खूपच."

"मला चालतं शिळं," आतोबा म्हणाले, आणि काचेतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत होती.

टपाल खाली उतरू लागली तेव्हा ते म्हणाले, "हिला नको सांगूस हं. उगाच—"

"काळजी करेल?"

आतोबा गप्प बसले. टपालही बसली, पण फक्त सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत. सहा-दहाला ती घरात शिरली आणि चपला काढायच्या आधीच तिने आत्याला सगळं सांगितलं: फाइल, टँकर, एकतीस, आणि उद्या दुपारी ट्रक जाणार हेही. मंगळवारचं गुरुवारी सांगतेय, चूक झाली, हेसुद्धा सांगितलं.

आत्याचं यंत्र मधल्या टाक्यावर थांबलं होतं. तिने सुई वर घेतली. मग म्हणाली, "म्हणजे तीन दिवस मी बारा परक्या ड्रायव्हरांना 'अहो' म्हणतेय?"

"अकरा. बारावे आतोबाच. आणि अकरांत एक टँकरवाली आहे."

"तिलाही? त्या बँकेतल्या बाईला? मी?"

"तिचा ब्रेकसुद्धा चांगला लागला, आत्या."

"उद्या मी येते. माझा आवाज मला परत घ्यायचाय."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आत्या खांद्याला पिशवी अडकवून कचेरीत हजर झाली. पिशवीत कात्री आणि मोजपट्टी होती. त्यांचा उपयोग नव्हता, पण त्यांच्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. साहेब खुर्चीवरून उठले. "बाई, या खोलीत बाहेरच्यांना परवानगी नसते."

"मी बाहेरची कशी? तीन दिवसांपासून आतच आहे. आवाज माझा आहे."

साहेबांनी मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

समोरच्या मोठ्या पडद्यावर आवाराचा नकाशा होता आणि त्यावर बारा ठिपके सरकत होते. टपालने चार नंबरचा ठिपका दाखवला. तो एका निळ्या ठिपक्याच्या, म्हणजे टँकरच्या, मागे जात होता. जवळ. आणखी जवळ. केबिनमधला आवाज खोलीत लावलेला होता, आणि आत्याने आपलीच हाक ऐकली. ठिपका थांबला. स्पीकरवर इंजिनाची घरघर आणि त्याखाली कोणाचा तरी सावकाश सोडलेला श्वास. मग ठिपका पुन्हा निघाला.

आत्याने हे चार वेळा पाहिलं. पाचव्या वेळी तिने विचारलं, "यात बोललेलं तिकडे ऐकू जातं का?" आणि माइकचं बटण दाबलं.

"चार नंबर. ऐकू येतंय?"

ठिपका जागच्या जागी थांबला. कुठलीही सूचना गेलेली नव्हती. बाकीचे अकरा ठिपकेही हळूहळू थांबले, कारण रेडिओ सगळ्यांचा एकच होता आणि असलं ऐकायला कोणाला नको असतं?

"येतंय," आतोबा म्हणाले. "तू... स्वतः बोलतेयस?"

"मग काय पेटी बोलतेय? मला जुनं काही ऐकायचं नाही. वजनकाट्याचं नाही, डॉक्टरचं नाही. आत्ताचं सांगा. या घडीला काय होतंय तुम्हाला?"

"आत्ता?" आतोबा विचारात पडले. पस्तीस दिवसांनी बोलायची वेळ आली की माणूस आधी बारीकसारीक गोष्टी शोधतो. "डाव्या पायाला मुंग्या आल्यात."

"आणखी?"

"भूक लागलीय. काल डबा परत आणला ना, त्यामुळे."

"पाहिला मी. आणखी?"

स्पीकरवरचं इंजिन बंद झालं.

"भीती वाटते," आतोबा म्हणाले. "सोमवारी पुन्हा आली होती. चक्कर. आपल्याच जिन्यात, शेवटच्या दोन पायऱ्यांवर. कठडा धरला म्हणून बरं. बोललो तर गाडी जाईल, म्हणून गप्प होतो. आत्ता किल्ली काढलीय. साहेब ऐकत असतील तर त्यांना म्हणावं, चार नंबर मी चालवायला नको."

साहेब ऐकत होते. ते पडद्याकडे न बघता फळ्याकडे बघायला लागले. सोमवारी चक्कर, आणि मंगळवारपासून पुन्हा रोज ट्रक. आपण नोंदीत फक्त अंतर मोजत होतो, हे टपालच्या लक्षात आलं.

आत्याने माइक दोन्ही हातांनी धरला होता. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"टपालला?"

"नाही."

"रखवालदाराला? त्या टँकरला?"

"मला काही माहीत नाही हं, खरंच," मध्येच टँकरवाली म्हणाली. "या वेळी मी सुद्धा आत्ताच ऐकतेय."

"म्हणजे मी पहिली," आत्या म्हणाली.

"तूच पहिली."

"सोमवारचं शुक्रवारी सांगताय. चार दिवस झाले." तिने डोळे पुसले, ते मोजपट्टीने, पिशवीतून हाताशी तीच आली. "तेव्हाही चारच झाले होते. पण पहिली."

"पहिली."

"तिथेच बसा. खाली उतरू नका, जिन्यासारखं कराल. मी येते."

माइक तिने तसाच टेबलावर ठेवला आणि ती निघाली. टपाल सवयीने पडद्याकडे बघत राहिली. पण आत्याच्या डोक्यावर पेटी नव्हती, त्यामुळे नकाशावर ती कुठेच नव्हती. मग टपाल खिडकीशी गेली. ओल्या रस्त्यावरून, दोन हातांनी पिशवी सावरत, आत्या आवाराच्या मधोमध चालली होती. एवढ्या मोठ्या आवारात सूचना देणारं कोणी नसताना अकरा गाड्या तिच्यासाठी खोळंबून उभ्या होत्या. ब्रह्मचाऱ्याने आपल्या ट्रकमधून वाकून तिला दिशा दाखवली, जणू चार नंबर इतका मोठा लिहिलेला तिला दिसणार नव्हता.

साहेब टपालला हळूच म्हणाले, "आपल्या डॉक्टरला फोन करतो. आणि गाडी मीच सांगतो कोणाला द्यायची ते. त्यांना इथे नकाशावर बसवता येईल का बघू. डोळा चांगला आहे माणसाचा. हातभर आत म्हणजे बरोबर हातभर आत."

चार नंबरची पायरी आत्याला उंच पडली. आतोबांनी दार उघडून हात दिला. तिने आधी पिशवी दिली, मग हात. दार लागलं. केबिनमधला माइक चालूच होता, त्यामुळे कचेरीत पहिलं वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"सरका तिकडे. आणि तो पाय खाली सोडा आधी, मुंग्या आल्यात म्हणालात ना."

"बघ ना, अजून—"

टपालने चार नंबरचा आवाज बंद केला. कचेरीतला, आणि रेडिओवरचाही.

मग रेडिओवर एकदम चार-पाच ड्रायव्हर बोलायला लागले, आणि सगळ्यांच्या वर टँकरवालीचा आवाज: "ए ताई! आवाज गेला! आत्ता कुठे रंगात येत होतं!"

"तांत्रिक बिघाड आहे," टपाल म्हणाली.

"कधी होईल दुरुस्त?"

तिने खिडकीतून पाहिलं. केबिनच्या काचेआड दोन डोकी दिसत होती. आत्या हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि आतोबा डबा खात खात मान हलवत होते.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "मोठा दिसतोय."